टॅलाची माणसं, पाण्याचं बिल आणि आपण

लिफीकाठचा

डब्लिनमधल्या आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत जुलै २०२५ पासून एक वाक्य सारखं फिरतंय: "टॅलाकडे घर बघू नका, तिथली माणसं तसलीच." कारण सगळ्यांना ठाऊक आहे. १९ जुलैला डब्लिनच्या टॅला उपनगरातल्या किलनामाना भागात, नुकत्याच देशात आलेल्या एका भारतीय माणसाला टोळक्याने खोटा आळ घेऊन रक्तबंबाळ होईस्तोवर मारलं, कपडे काढून रस्त्यावर टाकलं. १ ऑगस्टला आपल्या दूतावासाने सावधगिरीची सूचना काढली. फीनिक्स पार्कातला इंडिया डे पुढे ढकलला गेला. भीती खरी आहे, माझ्याही घरात आहे. पण "तिथली माणसं तसलीच" हे मला मान्य नाही. का नाही, ते सांगायला २०१४ सालच्या पाण्याच्या बिलांपर्यंत मागे जावं लागेल.

आयर्लंडमध्ये घरगुती पाण्याचं वेगळं बिल येत नसे, खर्च करांतून भागायचा. मग सप्टेंबर २००८ मध्ये सरकारने एका रात्रीत बँकांच्या देण्यांची हमी घेतली. बँका सावरायला अखेर ६४ अब्ज युरोंच्या आसपास गेले, आणि देशाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम पंचेचाळीस लाख. नोव्हेंबर २०१० मध्ये युरोपीय आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक आणि नाणेनिधी या त्रिकुटाशी ८५ अब्जांच्या पॅकेजचा करार झाला. त्याच्या अटींत पाणीपट्टी होती. पगार कापले, भत्ते कापले, पोरं ऑस्ट्रेलिया-कॅनडाला गेली. २०१२ मध्ये घरामागे १०० युरोंची पट्टी, २०१३ मध्ये मालमत्ता कर, आणि १ ऑक्टोबर २०१४ पासून पाणी.

इथे एक गोष्ट विसरू नये. २०११ च्या निवडणुकीत लेबर पक्षाने जाहिरात दिली होती, की फिन गेल पक्षाला मोकळं रान मिळालं तर पाणीपट्टीचे २३८ युरो पडतील. लोकांनी लेबरला ३७ जागा दिल्या. लेबर त्याच फिन गेलबरोबर सत्तेत बसलं आणि पाणीपट्टी आणली. शिवाय जानेवारी २०१४ मध्ये आयरिश वॉटर या नव्या कंपनीच्या प्रमुखांनी रेडिओवर सांगितलं, की सल्लागारांवरच ५ कोटी युरो गेलेत. ज्या घरात बाईने गॅस हीटर लावायचं सोडलं होतं, तिथे ही बातमी कशी पोचली असेल ते मी काय सांगू.

मग जे झालं ते कुठल्याही पक्षाच्या कार्यालयात ठरलेलं नव्हतं. इथे प्रत्येक घरासमोर फुटपाथमध्ये एक छोटं झाकण असतं, खाली पाण्याची तोटी. मीटर तिथेच बसवायचे होते. एप्रिल २०१४ मध्ये कॉर्कच्या टोगर भागात एका वसाहतीतले लोक कामगारांच्या वाटेत उभे राहिले. मग डब्लिनमध्ये क्रमलिन, ईडनमोर, कूलॉक, टॅला. सकाळी व्हॅन वळणावर दिसली की फेसबुकवर निरोप जायचा, आणि कोणी आजोबा घरातली खुर्ची आणून झाकणावर मांडून बसायचे. बाबागाड्या घेतलेल्या आया, रात्रपाळी करून आलेले ड्रायव्हर, चहाचे थर्मास. गार्डा, म्हणजे इथले पोलीस, यायचे, ओढून बाजूला करायचे, माणसं फिरून तिथेच. रात्री बसवलेले मीटर सकाळी गायब असायचे. परीने नेले, असं सगळी गल्ली एकमुखाने सांगायची!

११ ऑक्टोबर २०१४ ला डब्लिनच्या रस्त्यांवर मोर्चा किती मोठा, यावर वाद झाले, पण आयोजकांनाही इतक्या गर्दीची अपेक्षा नव्हती. त्याच दिवशी डब्लिन नैऋत्य मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीचा निकाल लागला. टॅला त्यातच येतं. शिन फेन पक्षाचा उमेदवार सहज येणार असं सगळे धरून चालले होते. आला पॉल मर्फी, ज्याने बिल भरूच नका असं छातीठोक सांगितलं होतं. १ नोव्हेंबरला शंभराच्या आसपास गावांत एकाच दिवशी मोर्चे निघाले. नोव्हेंबर संपण्याआधी सरकारने माघार घेतली: एकट्या माणसाला वर्षाला १६०, बाकी घरांना २६० युरोंची मर्यादा, वर १०० युरोंचं अनुदान. बिलासाठी मागितलेला पीपीएस नंबर, म्हणजे आपल्या आधारसारखा सरकारी ओळख क्रमांक, तोही सोडून दिला. लोक तरी थांबले नाहीत. पहिलं बिल आलं तेव्हा निम्म्याहून कमी घरांनी ते भरलं.

फेब्रुवारी २०१६ च्या निवडणुकीत लेबर ३७ वरून ७ वर आलं. त्याच वर्षी वसुली थांबवली, २०१७ मध्ये कायदाच बदलला आणि ज्यांनी पैसे भरले होते त्यांना परत मिळाले, सुमारे १७ कोटी युरो.

ही टॅलाची माणसं. आता "तसलीच" म्हणताना कुणाबद्दल बोलतोय याचा विचार करा.

नळदुरुस्ती

वाचलं. आंदोलनाची बाजू छान मांडलीत, पण मी पाणीपुरवठ्यातला माणूस, मला दुसरी बाजू दिसते. तेव्हा या देशात शुद्ध केलेल्या पाण्यापैकी चाळीस टक्क्यांहून जास्त पाणी नळापर्यंत पोचतच नव्हतं. डब्लिनच्या काही वाहिन्या व्हिक्टोरियन काळातल्या. २००७ मध्ये गॉलवेच्या पाण्यात क्रिप्टोस्पोरिडियम हा जंतू सापडला आणि शहराने पाच महिने पाणी उकळून प्यायलं. रॉसकॉमनमध्ये तर उकळण्याच्या सूचना वर्षानुवर्षं होत्या. कित्येक गावांचं सांडपाणी प्रक्रियेविना समुद्रात जात होतं. हे दुरुस्त करायला पैसा लागतो आणि तो दर अर्थसंकल्पात मंत्र्याच्या मर्जीवर असू नये. मीटर असला की गळती घराच्या आत आहे की बाहेर, तेही कळतं. आंदोलन जिंकलं, पण पाईप जुनेच राहिले.

लिफीकाठचा

@नळदुरुस्ती, गळतीबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. पण क्रम बघा. आधी आठ लाखांहून जास्त मीटर पुरले, त्यावर कोट्यवधी युरो घातले, मोठ्या वाहिन्या मागे राहिल्या. लोक म्हणत होते, आधी गळणारा पाईप जोडा, मग मोजा. आणि पैसा नव्हता हे कसं मानायचं? याच राज्याने अ‍ॅपलकडून करापोटी येणे असलेले १३ अब्ज युरो घ्यायला लागू नयेत म्हणून युरोपच्या कोर्टात वर्षानुवर्षं खटला लढवला. सप्टेंबर २०२४ मध्ये हरल्यावर ते पैसे घ्यावे लागले.

विहीरवाली

मी मेयोमध्ये राहते, लग्न होऊन आले. दादा, तुमच्या लेखात आमचं गाव नाही. इथे नगरपालिकेचा नळ कधी आलाच नाही. गावकऱ्यांनी मिळून ग्रुप वॉटर स्कीम काढली, तळ्यातून पाणी घेतलं, चर स्वतः खणले, वर्षाची वर्गणी आजही भरतो. ज्यांच्या घरी बोअर आहे ते पंपाची वीज आणि सेप्टिक टँक दोन्ही आपल्या खिशातून भागवतात. माझ्या सासरच्यांना डब्लिनच्या मोर्च्यांचा रागच होता. "आम्ही पन्नास वर्षं भरतोय, त्यांना फुकट कशाला?"

पण त्याच सासऱ्यांनी २०१६ ला सरकारी पक्षाला मत दिलं नाही. त्याचं कारण पाणी नव्हे. पोस्ट ऑफिस बंद झालं होतं, गावातली गार्डा चौकी बंद झाली होती. सरकारने २०१२-१३ मध्ये खेड्यापाड्यातल्या शंभराहून जास्त चौक्या बंद केल्या. राग शहरात असो की गावात, मुळाशी एकच होतं: आमच्याकडून घ्यायला तुम्ही येता, द्यायला कोणी येत नाही.

आणखी एक. इथला टीडी, म्हणजे आपला आमदार-खासदार म्हणा, दर शनिवारी पबच्या मागच्या खोलीत "क्लिनिक" भरवतो. कुणाचा वैद्यकीय कार्डाचा अर्ज, कुणाच्या दारासमोरचा खड्डा. मयताला तर हजर असतोच असतो. शहरी लोक याला नावं ठेवतात. मला नाही चुकीचं वाटत. माणूस डोळ्यासमोर असतो, त्याला जाब विचारता येतो. केरीचे टीडी असलेल्या हीली-रे बंधूंना डब्लिनचे पत्रकार हसतात, पण त्यांच्या भागातल्या म्हातारीला विचारा, ऑपरेशनची तारीख कोणी मिळवून दिली.

मालवणातला

धागो वाचलंय. एक सांगूक व्हया. लिओ वराडकर आमच्या मालवण तालुक्यातल्या वराड गावचो. बापूस अशोक डॉक्टर, मुंबईतसून थय गेलो. डिसेंबर २०१९ मधे लिओ पंतप्रधान असताना गावाक इलो, आख्ख्या घरच्यांका घेवन. आमका अभिमान हा आणि रवतलो. पण तुमच्या ह्या सगळ्या कथेत तो खय होतो?

लिफीकाठचा

@मालवणातला काका, प्रश्न रास्त आहे. तो त्याच मंत्रिमंडळात होता, २०१४ ते १६ आरोग्यमंत्री. जानेवारी २०१५ मध्ये त्याने रेडिओवर आपण समलिंगी असल्याचं मोकळेपणाने सांगितलं, आणि मे महिन्यात देशाने ६२ टक्क्यांनी समलिंगी विवाहाला होकार दिला. त्यासाठी त्याचा मला मनापासून आदर आहे. पण एप्रिल २०१७ मध्ये समाजकल्याणमंत्री म्हणून त्याने बसेसवर जाहिराती लावल्या, की भत्त्यांत फसवणूक करणारे आपल्या सगळ्यांना फसवतात. आणि पक्षनेतेपदासाठी उभा राहिला तेव्हा "सकाळी लवकर उठणाऱ्यांचा" नेता होईन म्हणाला. टॅला, बॅलीमन, फिंग्लसमध्ये जी माणसं पहाटे पाचच्या बसने साफसफाईला जातात, त्यांना हे जिव्हारी लागलं. मराठी पेपरांत मालवणचा सुपुत्र एवढंच आलं. दोन्ही बाजू माहीत असाव्यात.

कॉर्कची_काकी

टोगरचा उल्लेख आला म्हणून लिहिते, मी तिथून जवळच राहते. लेखात जॉब्सटाउन कसं नाही? १५ नोव्हेंबर २०१४, टॅलाच्या जॉब्सटाउनमध्ये उपपंतप्रधान जोन बर्टन एका पदवीदान समारंभाला गेल्या होत्या. लोकांनी त्यांची गाडी दोन तासांहून जास्त अडवून धरली, पाण्याचा फुगा मारला, नको नको ते बोलले. गाडीत एक सहायक बाई होत्या, त्या रडत होत्या. मला ते अजिबात पटलं नाही. बाईमाणसाला गाडीत कोंडून कसला हक्क मिळवायचा? तेच कुणी तुमच्या माझ्याबाबतीत केलं तर?

लिफीकाठचा

काकी, शिवीगाळ झाली ती वाईटच. त्याचं समर्थन नाही. पण पुढचं बघा. फेब्रुवारी २०१५ मध्ये गार्डा पहाटे घराघरांत शिरले, अल्पवयीन पोरांनाही उचललं. आरोप लावला बेकायदा कोंडून ठेवल्याचा, ज्याला जन्मठेप होऊ शकते. रस्त्यावर बसकण मारण्याला जन्मठेपेचं कलम! २०१७ मध्ये खटला नऊ आठवडे चालला. कोर्टात लोकांनी फोनवर काढलेली चित्रफीत दाखवली, तेव्हा काही गार्डांच्या साक्षी त्या चित्रांशी जुळेनात. २९ जूनला ज्यूरीने सहाही जणांना निर्दोष सोडलं, त्यात पॉल मर्फीही होता. घटनेच्या वेळी पंधरा वर्षांच्या असलेल्या मुलाला आधी दोषी ठरवलं होतं, तेही अपिलात रद्द झालं. त्या गल्लीला तेव्हा कळलं, की सरकार आपल्याला किती घाबरतं.

कॉर्कची_काकी

कलम जास्तीचं होतं, मान्य. गाडी अडवणं चूक होतं, हे मत मी बदलणार नाही.

गॉलवेची_परिचारिका

दोघांच्या वादात पडत नाही, पण गॉलवेचं नाव निघालं की माझ्या डोळ्यासमोर सविता हलप्पनवार येते. बेळगावची, दाताची डॉक्टर. २१ ऑक्टोबर २०१२ ला गॉलवेच्या रुग्णालयात दाखल झाली. गर्भ वाचणार नव्हता, तिने गर्भपात मागितला, तो नाकारला गेला, आणि २८ तारखेला जंतुसंसर्गाने ती गेली. नोव्हेंबरात बातमी फुटली तेव्हा आयरिश बायका मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आल्या. २०१८ च्या सार्वमतात, २५ मेला, ६६ टक्क्यांनी घटनेतली गर्भपातबंदीची आठवी दुरुस्ती रद्द झाली. प्रचारात बेळगावहून तिच्या आईवडिलांनीही आयरिश लोकांना होकाराचं आवाहन केलं. डब्लिनच्या पोर्टोबेलोत तिचं मोठं भित्तिचित्र रंगवलं होतं, मतदान करून आलेल्या बायका त्यावर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. "सॉरी, सविता." हे लिहिणाऱ्या बायका आयर्लंडच्याच.

आता दुसरं. आमच्या वॉर्डात केरळच्या, फिलिपिन्सच्या, आपल्याकडच्या नर्सेस आहेत. गेल्या वर्षात कामावरून रात्री बसने जाताना काय काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. मला लिफीकाठचा दादांना थेट विचारायचंय. तीच माणसं, तेच कूलॉक. पाण्यासाठी उभे राहिलेले लोक आज निर्वासितांच्या विरोधात का उभे राहतात?

लिफीकाठचा

ताई, मूळ धागा याच प्रश्नासाठी काढला.

कूलॉकमध्ये २०२४ ला रंगाच्या बंद कारखान्यात आश्रय मागणाऱ्या निर्वासितांना ठेवायचं ठरलं, तेव्हा "कूलॉक सेज नो" चे फलक लागले, मग जुलैत जाळपोळ झाली. त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये ईस्ट वॉलमध्ये निदर्शनं, २३ नोव्हेंबर २०२३ ला शहराच्या मध्यात दंगल, आणि नंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये सिटीवेस्टमध्येही दंगल. यातल्या काही वस्त्या २०१४ ला पाण्यासाठी उभ्या होत्या. पद्धत तीच: गल्लीचा फेसबुक गट, दारात उभं राहणं, गार्डांशी वाद. पण २०१४ ला बोट वर होतं, सरकारकडे, बँकांकडे, सल्लागारांकडे. आता खाली वळलंय, आपल्याकडे.

का वळलं, याचं माझं उत्तर घर. सोळा हजारांवर माणसं सरकारी तात्पुरत्या निवाऱ्यात आहेत, त्यात पाच हजारांहून जास्त मुलं. तिशीतली पोरं आईबापाच्या घरातल्या लहानपणच्या खोलीत झोपतात. मुलांच्या राष्ट्रीय रुग्णालयाचा खर्च दोन अब्ज युरोंच्या पुढे गेला, आणि संसद भवनात सायकली ठेवायच्या छपरावर ३ लाख ३६ हजार युरो उडवले. यावर देशभर हसले, पण टॅलात घराच्या यादीत दहा-दहा वर्षं असलेल्या माणसाचं हसू टिकत नाही. २०१४ ला त्याच्या दारात कामगार संघटना आणि डावे कार्यकर्ते होते, ते सांगत होते की तुझा पैसा कुठे गेला. विजय झाल्यावर ते विखुरले. मोकळ्या दारात मग दुसरे आले, आणि त्यांनी सांगितलं की तुझं घर त्या परक्याने घेतलं. मारहाण करणाऱ्यांना यातून सूट मिळत नाही, त्यांची जागा तुरुंगात. पण गल्लीतल्या बाकी माणसांना त्यांच्यात मोजणं म्हणजे ती माणसं त्या दुसऱ्यांच्या हवाली करणं.

आणि किलनामानामध्ये त्या जखमी माणसाजवळ थांबून मदत करणारी बाई तिथलीच होती. नंतर तिथे वंशभेदाविरुद्ध शेकडो लोक जमले. फेब्रुवारी २०२३ मध्ये "आयर्लंड फॉर ऑल" म्हणून हजारोंचा मोर्चा निघाला होता, त्यात टॅलाचे, बॅलीमनचे फलक होते.

नळदुरुस्ती

पाण्यावर मतभेद कायम, पण या उत्तराला +१. ऑक्टोबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीतही हेच दिसलं. कॅथरीन कॉनली ६३ टक्क्यांनी आल्या, आणि त्याच वेळी दोन लाखांवर मतपत्रिका बाद ठरल्या, बऱ्याच मुद्दाम केलेल्या, काहींनी त्यावर सरकारला शिव्या लिहिल्या. दोन्ही राग खरे.

नवा_आलेला

मी मार्चमध्ये आयटीच्या नोकरीवर आलो, टॅलाजवळच खोली मिळाली आहे. वाचून धीर आला आणि भीतीही वाटते. आपण परके, आपण करायचं काय? आपल्याला इथे मतसुद्धा नाही ना?

लिफीकाठचा

आहे! हे फार कमी लोकांना माहीत असतं म्हणून सविस्तर सांगतो. डॉलच्या, म्हणजे संसदेच्या, निवडणुकीला आयरिश किंवा ब्रिटिश नागरिकत्व लागतं, राष्ट्राध्यक्षासाठी आयरिशच. पण स्थानिक निवडणुकीत इथे राहणारा अठरा वर्षांवरचा कोणीही मत देऊ शकतो, नागरिकत्व कुठलंही असो. उभाही राहू शकतो. पत्ता आणि पीपीएस नंबर देऊन मतदार यादीत नाव घाला, ऑनलाइन होतं. मतपत्रिकेवर फुली मारायची नाही, पसंतीचे आकडे लिहायचे, १, २, ३, हवे तितके.

आणि टॅलाबद्दलच बोलायचं तर: केरळहून आलेले बेबी पेरेप्पाडन टॅला साउथमधून नगरसेवक म्हणून निवडून आले, २०१९ ला आणि पुन्हा जून २०२४ ला. त्या जूनमध्येच ते साउथ डब्लिन काउंटीचे महापौर झाले. त्यांना मतं कोणी दिली? एकट्या मल्याळी घरांच्या जोरावर ती जागा येत नाही.

तुमच्या वसाहतीची रहिवासी संघटना असेल, तिची बैठक बहुतेक जीएए या आयरिश खेळांच्या क्लबात किंवा चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये भरते. दारावर चिठ्ठी लागते. जा. पहिल्यांदा खड्डे, दिवे आणि कचऱ्यावरच बोलणं होईल, तुमच्या दिव्याचंही सांगा. चहा मिळेलच. पुढची स्थानिक निवडणूक २०२९ ला आहे, नाव आत्ताच घालून ठेवा.

विहीरवाली

मेयोत कुणी असेल तर आमच्या पाणी योजनेची वार्षिक सभाही सगळ्यांना खुली असते. गेल्या सभेत मी पहिल्यांदा हिशेबावर प्रश्न विचारला. खजिनदारांनी सगळ्या पावत्या टेबलावर काढून दाखवल्या, आणि सभा संपल्यावर समितीत येणार का म्हणून विचारलं. हो म्हणाले आहे.